वर्षाला चार पुस्तकं, पाच वर्षं, नागपुरातून

मराठीत विज्ञानकथा कुणी लिहीतच नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खोटी आहे. दर दिवाळीला ती लिहिली जाते, अंकांतून छापली जाते, वाचलीही जाते. तुळशीचं लग्न लागेपर्यंत अंक शिळा होतो आणि पुढच्या दिवाळीला तीच कथा कुणाला हवी असेल तर रद्दीवाल्याचं दुकान गाठावं लागतं. अंकातली जागा तीन-चार हजार शब्दांची, मुदत पावसाळ्यातली, मानधन एकदाच. या चौकटीत कथा बसते. साठ हजार शब्दांची कादंबरी बसत नाही. मग ती लिहिणाऱ्याच्या संगणकात पडून राहते, नाहीतर लेखक पदरचे पैसे घालून छापतो आणि उरलेल्या प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली सरकवतो.

यावर आजवर सुचलेले उपाय म्हणजे आणखी एक स्पर्धा, आणखी एक कार्यशाळा, आणखी एक विशेषांक. यांनी लेखक घडतात हे खरंच, पण घडलेल्या लेखकाला पुढे जायला दार कुठं आहे? ते दार म्हणजे फक्त विज्ञानकथा आणि फँटसी छापणारं एक इंप्रिंट. वर्षाला चार पुस्तकं, सलग पाच वर्षं, एका संपादकाच्या जबाबदारीवर. आणि ते नागपुरात असावं.

इंप्रिंट म्हणजे नवी कंपनी नव्हे. चालू असलेल्या प्रकाशनसंस्थेनं ठरावीक प्रकारच्या पुस्तकांसाठी घेतलेलं वेगळं नाव, वेगळं बोधचिन्ह आणि वेगळा संपादक. गोदाम, हिशेबनीस, विक्रेत्यांची खाती, मुद्रणालयाशी असलेली उधारी, सगळं मूळ घराचंच. मराठीला हा प्रकार परका नाही. रोहन प्रकाशनाची ‘मोहर’ अशाच धर्तीवर ललित साहित्य काढते. विज्ञानकथेसाठी मात्र असं घर कुणी बांधलेलं दिसत नाही.

बाहेर काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. डोनाल्ड वोल्हाइम यांनी १९७१ साली अमेरिकेत फक्त याच साहित्यासाठी प्रकाशन काढलं आणि त्याला स्वतःची आद्याक्षरं दिली: डीएडब्ल्यू (DAW). पिवळ्या कण्याची त्यांची पुस्तकं दुकानात लांबूनही ओळखू येत. १९७७ साली बॅलंटाइन प्रकाशनाच्या पोटात ज्युडी-लिन आणि लेस्टर डेल रे या दांपत्याच्या नावानं इंप्रिंट निघालं. १९८० साली टॉम डोहर्टी यांनी टॉर सुरू केलं. लंडनच्या गोलान्झची पिवळी वेष्टनं तर त्याही आधीची. यातली दोन नावं थेट संपादकांची आहेत, हा योगायोग नाही. वाचक अनोळखी लेखकाचं पुस्तक उचलतो ते निवड करणाऱ्यावर विश्वास बसलेला असतो म्हणून. मराठीत हा विश्वास आजवर लेखकाच्या नावावर, त्यातही शास्त्रज्ञ म्हणून झालेल्या नावावर उभा राहिला. त्यामुळे पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला तो मिळतच नाही.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातून घेतला जातो तो बोध नारळीकरांच्या मोठेपणाचा. दुसरा बोध असा की अनोळखी जगतापलाही न्याय देणारी व्यवस्था त्या दिवशी होती. खरोखरचा जगताप असता तर पुढचं पुस्तक त्यानं कुठं नेलं असतं? नारळीकर २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणजे प्रतिष्ठेचा प्रश्न सुटला. दुकानातल्या खणाचा सुटला नाही.

परिषदेनं आणि तिच्यासारख्या संस्थांनी विज्ञानकथेला हात दिला, त्याची किंमतही कथेनं मोजली. संस्थेचं काम विज्ञानप्रसार. त्यामुळे कथेच्या पोटात धडा आला. शेवटच्या परिच्छेदात डॉक्टर किंवा प्राध्यापक सगळं समजावून सांगतात, वाचक ‘अस्सं होय’ म्हणतो आणि पान उलटतो. धडा चुकीचा असतो असं नाही, पण त्याच्यासाठी पात्रं मारली जातात. दुसरीकडे अद्भुताला संस्थेचा आधार मिळाला नाही. नाथमाधव, गो. ना. दातार यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून शिवण उसवेपर्यंत वाचल्या गेल्या, नारायण धारपांच्या आजही जातात. तरी समीक्षेनं हा सगळा प्रांत ‘रंजन’ म्हणून बाजूला ठेवला. आज मोठ्यांसाठी फँटसी लिहिणाऱ्याला दोनच वाटा दिसतात: बालसाहित्य किंवा महाभारतातल्या एखाद्या पात्राचं आत्मकथन. इंप्रिंटनं विज्ञानकथा आणि फँटसी एकाच छताखाली घ्यायला हवी, कारण दोन्हींची गरज एकच आहे. लेखकानं जग रचावं आणि त्या जगाचे नियम शेवटपर्यंत पाळावेत, हे पाहणारा संपादक. आणि पहिली तीन वर्षं पौराणिक पुनर्कथन पूर्ण बंद ठेवावं. त्याची सोय इतरत्र भरपूर आहे.

आता नागपूर का, हा प्रश्न. सोपं उत्तर प्रादेशिक अस्मितेचं असतं, ते इथं कामाचं नाही. अडचणी आधी सांगायला हव्यात. मराठी पुस्तकांचा घाऊक व्यापार पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चालतो. नागपूरहून ७०० किलोमीटरवर गठ्ठे पाठवायचे, तिथून उरलेले परत आणायचे, हा भाड्याचा भुर्दंड प्रत्येक पुस्तकावर बसतो. परीक्षणं लिहिणारे, पुरवण्यांचे संपादक, मुलाखती घेणारे बहुतेक तिकडेच.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. विज्ञानकथेला लागणारी माणसं इथं एका रिक्षाच्या अंतरावर आहेत: नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, भारतीय खाण ब्युरो, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय, रामन विज्ञान केंद्र. हस्तलिखितातली एखादी शंका घेऊन संपादकाला माणसाकडे जाता येतं. मॉइल (मँगनीज) आणि वेकोलि (कोळसा) या दोन खाणकंपन्यांची मुख्यालयं याच शहरात आहेत. चंद्रावरच्या खाणीवर कादंबरी लिहिणाऱ्याला पाळी, हवा खेळवण्याची व्यवस्था, छत कोसळू नये म्हणून दिले जाणारे टेकू हे सगळं सावनेर किंवा मनसरच्या कामगाराकडून ऐकता येईल. बुलढाण्यात लोणारचं विवर आहे, बेसाल्ट खडकात अशनीच्या आघातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांचे अवशेष मिळतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जाणारं हे शहर, हवामानबदलावरची गोष्ट इथं भविष्यकाळात लिहावी की वर्तमानकाळात, हाच प्रश्न पडेल.

अद्भुतासाठी तर दूर जायलाच नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत वर्षभरातल्या इडापिडांचे बडगे म्हणजे पुतळे, आणि गावभरचा राग ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत वेशीबाहेर जाळला जातो. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात. राक्षशिणीची मिरवणूक काढून तिच्या तोंडी राजकारण घालणारं शहर फँटसीला परकं कसं असेल? गोंडी परंपरेतल्या पारी कुपार लिंगो या आद्य गुरूच्या कथा हाही इथलाच ठेवा. पण त्याबाबत एक कडक नियम हवा. त्या कथा उचलून शहरी लेखकानं ‘वनवासी जादू’ रंगवू नये. गोंडी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना लेखक म्हणून आगाऊ मानधन देऊन लिहायला सांगावं, आणि नाही म्हणाले तर विषय सोडून द्यावा.

आणि वाचक. मराठी पुस्तकांचा खप पुण्या-मुंबईच्या दुकानांतून मोजायची सवय लागली आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभं राहून पाहिलं तर ती सवय मोडते. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात. ती विकत घेतात वैचारिक साहित्य, विज्ञानकथा नव्हे. पण पुस्तकासाठी पैसे बाजूला काढण्याची सवय असलेला एवढा मोठा समाज समोर असताना ‘वाचक नाही’ म्हणणं आळशीपणाचं आहे. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटकांना रात्रभर तिकीट काढून बसणारा प्रेक्षकही याच भागातला. जातिअंताचं भविष्य रंगवणारी, दीडशे वर्षांनंतरच्या विदर्भातल्या पाण्याची गोष्ट सांगणारी कादंबरी त्या स्टॉलवर विकली जाईल की नाही, हे करून पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये.

आता पैसा. प्रकाशनव्यवसायावर बोलताना मराठी माणूस लगेच संस्कृतीवर येतो, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो. पुढचे दर गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकानं आपल्या मुद्रणालयाचे दर घालून पाहावेत, गणिताची चाल तीच राहील. पुस्तक डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, २४० पृष्ठांचं, म्हणजे १६ पृष्ठांचे १५ फर्मे (एका तावावर छापून घडी घातलेले भाग). किंमत ३०० रुपये. प्रती ५००. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागे ९० रुपये धरू. लेखकाचं मानधन छापील किमतीच्या १० टक्के, ३० रुपये. प्रतींच्या संख्येवर अवलंबून नसलेला खर्च: संपादन २०,०००, मुखपृष्ठ १०,०००, मांडणी ९,०००, मुद्रितशोधन ७,०००. एकूण ४६,०००.

वितरकाला ४५ टक्के सूट दिली तर प्रतीमागे हाती येतात १६५. त्यातून ९० आणि ३० वजा करा, उरले ४५. म्हणजे ४६,००० भरून यायला १,०२३ प्रती विकायला हव्यात आणि छापल्या आहेत ५००. सगळी आवृत्ती संपली तरी तोटा! नव्या लेखकाला ‘आधी तुम्ही दोनशे प्रती घ्या’ म्हणणारा प्रकाशक लबाड असतोच असं नाही. बऱ्याचदा तो फक्त या गणितात अडकलेला असतो. तरीही लेखकाकडून पैसे घेणं या इंप्रिंटला वर्ज्यच असलं पाहिजे. कारण नैतिक कमी, व्यावहारिक जास्त आहे. पैसे देणाऱ्या लेखकाला ‘मधली सत्तर पानं काढा’ असं सांगता येत नाही, आणि सत्तर पानं काढणारा संपादक नसेल तर शिक्क्याला काही अर्थ उरत नाही.

थेट वाचकाला १५ टक्के सवलतीनं विकलं तर २५५ येतात. टपाल आणि पाकिटाचे ३०, ऑनलाइन भरण्याचे ६ वजा केले, मग छपाई आणि मानधन वजा केलं, तर उरतात ९९. दुपटीहून जास्त. म्हणून या इंप्रिंटचा पाया वर्गणीदार हा हवा. वर्षाच्या चार पुस्तकांचे १,०२० रुपये आगाऊ देणारे ३०० वाचक. मराठीत प्रकाशनपूर्व सवलत जुनी आहे. कोश आणि समग्र वाङ्मयाचे खंड तिच्यावरच निघाले. ५०० प्रतींपैकी ३०० वर्गणीदारांना, १८० दुकानांतून, आणि २० लेखकाला, परीक्षणाला व कायद्यानं राष्ट्रीय ग्रंथालयांना द्यायच्या. हिशेब असा: २९,७०० अधिक ८,१००, त्यातून फुकटच्या प्रतींचे १,८०० वजा, म्हणजे ३६,०००. खर्च ४६,०००. पहिल्या आवृत्तीत १०,००० रुपयांचा खड्डा राहतोच. तो भरतो पुनर्मुद्रणात. तेव्हा संपादन, मुखपृष्ठ, मांडणी यांचा खर्च पुन्हा नसतो. ३०० प्रती डिजिटल छपाईत १०० रुपयांनी पडल्या आणि निम्म्या थेट विकल्या गेल्या तरी १८,६०० सुटतात. म्हणजे पुस्तक उपलब्ध ठेवणं हाच धंदा आहे. दिवाळी अंकाची अर्थव्यवस्था नेमकी इथं उलट चालते.

रोकड लागते किती? चार पुस्तकांची छपाई १,८०,०००, इतर खर्च १,८४,०००, वर्गणीदारांचं टपाल ३६,०००. एकूण ४ लाख. त्यातले ३,०६,००० वर्गणीतून आधीच आलेले. मूळ प्रकाशनसंस्थेला वर्षाला लाखभर रुपये घालावे लागतील, लेखकांचं मानधन वेगळं. नागपुरातल्या चालत्या प्रकाशनाला हे अशक्य नाही. पुस्तकावर जीएसटी शून्य असला तरी कागदावर आणि छपाईवर भरलेला कर परत मिळत नाही, तोही खर्चातच धरावा. पुष्कळ नवखे इथं फसतात. वर्गणी योजना मोडते ती एकाच कारणानं: पुस्तक वेळेवर येत नाही. म्हणून दोन पुस्तकं छपाईला तयार असल्याशिवाय एक रुपयाही वर्गणी घेऊ नये.

पानांची संख्याही गणिताचाच भाग आहे. चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या मॅपलिथो कागदावर डेमी आकाराचं एक पान २.१ ग्रॅम भरतं. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं, २५३ ग्रॅम. ३०० ग्रॅमच्या आर्टकार्डाचं मुखपृष्ठ १९ ग्रॅम. पाकीट २५ ग्रॅम. काटा ३०० च्या जेमतेम आत राहतो. टपाल खात्याच्या १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट सेवेचा २० रुपयांचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमलाच संपतो. सोळावा फर्मा वाढवला की पुढचा टप्पा लागतो. तेव्हा हस्तलिखिताची मर्यादा ६०,००० शब्द, हे लेखकांना आधीच सांगून टाकावं. चौदा पॉइंटच्या टायपात पृष्ठाला २६० शब्द बसतात, त्यावरून हा आकडा निघतो.

नागपूरचा उन्हाळा बांधणीलाही विचारात घ्यावा लागतो. साध्या गरम गोंदाची परफेक्ट बांधणी, म्हणजे न शिवता कण्याला नुसती चिकटवलेली, पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या टेम्पोत मऊ पडते, कणा वाकतो आणि पहिल्याच वाचनात मधले फर्मे सुटतात. पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद उष्णता जास्त सोसतो, पण लहान आवृत्तीला परवडेल असं यंत्र प्रत्येक बांधणीवाल्याकडे नसतं. नसेल तर फर्मे शिवून घ्यावेत. प्रतीमागे थोडे पैसे वाढतात, पुस्तक वाचनालयात दहा वर्षं टिकतं. कागदाचे तंतू कण्याला समांतर आहेत ना, हे छपाईआधी एक ताव फाडून पाहावं. आडवे असतील तर पावसाळ्यात पानं लाटांसारखी उठतात.

मुखपृष्ठावर पैसे वाचवू नयेत, आणि संगणकाकडून फुकट चित्र काढून घेऊ नये. यंत्रानं काढलेला अंतराळवीर सगळ्यांकडे सारखाच असतो. चार पुस्तकांचा कणा एका रांगेत ओळखू यावा हा ज्याचा उद्देश, त्यानं वर्षभरासाठी एकच चित्रकार धरावा.

संपादनात काय करायचं, हे सर्वांत कमी बोललं जातं. हस्तलिखितं वर्षातून दोनच महिने स्वीकारावीत. नाव वेगळ्या पानावर, वाचणाऱ्याला फक्त क्रमांक दिसावा. पहिली तीन प्रकरणं आणि शेवटासकट एका पानाचा सारांश मागवावा. शेवट लपवून ठेवणाऱ्या लेखकाला बहुधा तो सुचलेला नसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या टंकांतून रूपांतर केलं की ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडतात आणि मुद्रितशोधनाचा खर्च दुप्पट होतो. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा पूर येईल हेही धरून चालावं. अमेरिकेतल्या क्लार्क्सवर्ल्ड मासिकाला याच कारणानं फेब्रुवारी २०२३ मध्ये काही काळ कथा स्वीकारणंच थांबवावं लागलं. शुल्क लावून तो पूर अडत नाही, गरजू लेखक तेवढे अडतात. निवड होण्याआधी लेखकाशी अर्धा तास फोनवर बोललं तरी स्वतःचं जग त्याला ठाऊक आहे की नाही ते कळतं.

निवड झाल्यावर संपादकानं त्या जगाची वही करावी. कालक्रम, अंतरं, नातेसंबंध, कोण कुणाला अहो म्हणतं, जादूची किंमत काय. विज्ञानाच्या चुका बहुतेक साध्या असतात. मंगळावरच्या माणसाशी पृथ्वीवरून फोनसारखा संवाद चालतो, प्रत्यक्षात संदेशाला एका बाजूनं ३ ते २२ मिनिटं लागतात. किंवा २१ जूनच्या मध्यान्ही सीताबर्डीवर सावली उत्तरेकडे पडते. नागपूर २१ अक्षांशावर आहे. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. लेखकानं मुद्दाम नियम मोडला असेल तर उत्तमच, पण मोडतोय हे त्याला माहीत हवं.

‘वेगळा शिक्का मारला की हे साहित्य मुख्य प्रवाहातून आणखी बाहेर जाईल,’ असा आक्षेप येतो, आणि तो घेणारे बहुधा या साहित्याचे हितचिंतकच असतात. त्यांना चेंगडूचं उदाहरण द्यावं. चीनमधलं ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ हे मासिक १९७९ साली सुरू झालं ते बीजिंग-शांघायमध्ये नव्हे, देशाच्या आतल्या भागातल्या या शहरात. लिऊ त्सिशिन यांची पुढे जगभर गाजलेली ‘थ्री-बॉडी’ कादंबरी २००६ मध्ये त्यातच क्रमशः आली. पुस्तक २००८ मध्ये निघालं, इंग्रजी अनुवाद टॉरनं २०१४ मध्ये काढला, पुढच्या वर्षी त्याला ह्युगो हा विज्ञानकथेचा मोठा पुरस्कार मिळाला, आणि २०२३ साली जागतिक विज्ञानकथा संमेलनच चेंगडूला भरलं. मुख्य प्रवाहाची वाट पाहत बसले असते तर यातलं काही झालं नसतं. अर्थात त्यांच्यामागे सरकार होतं आणि वाचकसंख्या अफाट होती. आपल्याला त्यातून घ्यायचं आहे ते सातत्य, आणि राजधानीबाहेरचं ठिकाण.

अनुवादांना वर्षात एकच जागा द्यावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे १९४६ साली वारलेल्या एच. जी. वेल्स यांचं लेखन मोकळं आहे. मात्र तिसऱ्या भाषेतलं पुस्तक इंग्रजीवरून करायचं तर इंग्रजी अनुवादकाचा हक्क अजून चालू असू शकतो, ते पाहूनच काम सुरू करावं.

राहिला करार. आपल्याकडे तो दोन ओळींचा असतो किंवा नसतोच. इथं इंप्रिंटनं फक्त मराठी छापील आणि ई-पुस्तकाचे हक्क पाच वर्षांसाठी घ्यावेत. हिंदी, श्राव्य आणि दृश्य माध्यमांचे लेखकाकडे राहू द्यावेत. नागपुरात हिंदी वाचक शेजारच्याच घरात आहे, तो हक्क लेखकाला उद्या उपयोगी पडेल. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, आणि हक्क घेऊन वर्षभरात पुस्तक काढलं नाही तर, करारात वेगळं ठरलं नसेल तर, ते लेखकाकडे परत जातात. पाच वर्षांनी वीस पुस्तकं होतील. तोवर वर्गणीदार ३०० च्या खाली राहिले आणि एकाही पुस्तकाचं पुनर्मुद्रण झालं नाही तर इंप्रिंट बंद करावं: उरलेल्या प्रती लेखकांना छपाईच्या दरात, मांडणीच्या मूळ फायली फुकट, आणि मानधनाचा शेवटचा हिशेब तीन महिन्यांच्या आत. हे कलमही पहिल्याच करारात घालावं.